माळ्यावरची रिमोटची गाडी पुन्हा पळवायची आहे? जुन्या आरसी कारच्या दुरुस्तीबद्दल सगळं काही

गणपतीच्या आधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली येतं. पितळी समई, जुनी ट्रंक, फाटकी हवेची गादी. एखाद्या घरात त्यात एक खोकं असतं आणि खोक्यात रिमोटची गाडी. वडिलांना कंपनीने ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं तेव्हा आणलेली, किंवा दुबईच्या मामांनी मुंजीत दिलेली. टायर दगडासारखे कडक झालेले, रिमोटची लांब अँटेना वाकलेली आणि सेलच्या जागी हिरवट-पांढरी पूड.

पुढे सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. गाडी भंगारात जाते, किंवा घरातलं कोणीतरी उत्साहाने नवे सेल घालून बटण दाबतं. दुसऱ्या प्रकारात बऱ्याचदा थोडा धूर येतो आणि मग गाडी भंगारात जाते.

मुळशी तालुक्यात राहणाऱ्यांसाठी तर यात आणखी एक अडचण आहे. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळाभर हवा इतकी दमट असते की कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. तिथे चाळीस वर्षांपूर्वीचे स्क्रू, तारा आणि मोटर कशी टिकणार?

टिकतात. जगभरात अशा जुन्या गाड्या खोलून, साफ करून, पुन्हा पळवण्याचा एक मोठा छंद आहे. हिंजवडीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा पौडमधल्या घराच्या पडवीत बसूनही तो करता येतो. फक्त कामाचा क्रम माहीत हवा. तो क्रम, त्यामागची कारणं आणि टाळायच्या चुका या लेखात समजून घेऊ.

खेळणं आणि आरसी कार यात फरक काय?

आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. रिमोटवर चालणारी प्रत्येक गाडी आरसीच असते, पण छंद म्हणून या गाड्या जमवणारे त्यांचे दोन गट करतात.

पहिला गट खेळण्यातल्या गाड्यांचा, ज्यांना टॉय ग्रेड म्हणतात. निक्को, ताय्यो यांसारख्या जपानी कंपन्यांच्या अशा गाड्या १९८० च्या दशकात खूप गाजल्या. यात रेडिओचा रिसीव्हर, मोटर चालवणारा भाग आणि स्टिअरिंग हे सगळं एकाच सर्किट बोर्डवर असतं. यातल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, सरळ किंवा पूर्ण उजवीकडे एवढंच वळतं. बोर्ड जळला तर त्याच मापाचा दुसरा बोर्ड मिळणं अवघड असतं.

दुसरा गट हॉबी ग्रेडचा. या गाड्या मुळात सुट्या भागांच्या किटच्या रूपात विकल्या जायच्या. खोक्यात प्लॅस्टिकच्या फ्रेम, स्क्रूच्या पिशव्या, ग्रीसची ट्यूब आणि चित्रांची पुस्तिका. घरी बसून गाडी जोडायची. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी हे सगळे वेगवेगळे आणि बदलता येण्याजोगे. जी वस्तू सुट्या भागांतून जोडली आहे ती पुन्हा सुटीही करता येते. म्हणूनच हा छंद प्रामुख्याने हॉबी ग्रेड गाड्यांभोवती उभा राहिला.

तुमच्या हातातली गाडी कोणती हे ओळखायचं असेल तर वरची बॉडी काढा. आत वेगळी काळी डबी, म्हणजे सर्व्हो आणि त्यातून निघणाऱ्या तीन तारा दिसल्या तर ती बहुधा हॉबी ग्रेड. एकच हिरवा किंवा तपकिरी बोर्ड दिसला तर टॉय ग्रेड. दुसऱ्या प्रकारची गाडी निघाली तरी निराश होऊ नका. तीही दुरुस्त होते, फक्त सुट्या भागांसाठी जुगाड जास्त करावं लागतं.

या गाड्या आल्या कुठून?

बाजारात विकली गेलेली पहिली यशस्वी आरसी कार इटलीतली मानली जाते. रेज्जो एमिलिया शहरातल्या एल-जी या कंपनीने १९६६ मध्ये फेरारी २५० एलएमची १:१२ मापाची, विजेवर चालणारी गाडी आणली. १:१२ म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढी.

पण हा छंद घराघरांत नेला तो जपानच्या तामिया कंपनीने. शिझुओका शहरातली ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली, पुढे लाकडी आणि मग प्लॅस्टिकच्या मॉडेलकडे वळली. पोर्शेच्या गाडीचं मॉडेल अचूक व्हावं म्हणून शुनसाकू तामिया यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन खोलली, ही गोष्ट या छंदात सगळ्यांना ठाऊक आहे. १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही तामियाची पहिली आरसी कार आली.

१९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या मातीत पळणाऱ्या बग्गी आल्या आणि खेळ गुळगुळीत पार्किंगमधून मैदानात गेला. १९८३ ची फ्रॉग, १९८४ च्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट, १९८५ ची हॉटशॉट या तामियाच्या गाड्या आज विंटेज म्हणून सर्वांत जास्त ओळखल्या जातात. याच काळात क्योशोची स्कॉर्पियन (१९८२) आणि अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीची आरसी १० (१९८४) या गाड्यांनी शर्यती गाजवल्या.

भारतात तेव्हा ही खेळणी दुकानात सहज मिळत नव्हती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची शेवटची परिमाणात्मक बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली. त्याआधी अशी गाडी घरी यायची ती बहुतेक वेळा परदेशातून परतणाऱ्या माणसाच्या बॅगेतून. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या आरसी कारमागे जवळजवळ नेहमीच एखादा काका, मामा किंवा बाबा असतो. दुरुस्ती करताना हे लक्षात ठेवायला हवं. त्याचं कारण पुढे येईलच.

गाडीच्या आत नेमकं काय चालतं?

तुम्ही रिमोटचा म्हणजे ट्रान्समीटरचा दांडा हलवता. ट्रान्समीटर रेडिओ सिग्नल पाठवतो. गाडीतला रिसीव्हर तो पकडतो आणि सर्व्होला सांगतो की किती फिरायचं. सर्व्हो म्हणजे छोटी मोटर, गिअर आणि जागा मोजणारं सर्किट असलेली डबी. ती जितकं सांगितलं तितकंच फिरते, म्हणून स्टिअरिंग थोडं किंवा जास्त वळवता येतं.

जुन्या गाड्यांत असे दोन सर्व्हो असतात. एक पुढची चाकं वळवतो. दुसरा एका पट्टीला तांब्याच्या संपर्कांवरून सरकवतो, म्हणजे आपल्या जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच. याला मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर म्हणतात. कमी वेगात जास्तीची वीज एका रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन निघून जाते. हा रेझिस्टर इतका तापतो की बोट भाजतं. गाडी थांबल्या थांबल्या आत हात घालू नका.

गाडी पळवणारी मोटर बहुतेकदा ५४० आकाराची असते, लहान गाड्यांत ३८०. बॅटरी ७.२ व्होल्टची, कारण तेव्हाच्या निकेल-कॅडमियम सेलचा दाब १.२ व्होल्ट आणि असे सहा सेल एका ओळीत. अनेक जुन्या गाड्यांत रिसीव्हरसाठी चार पेन्सिल सेलची वेगळी पेटी असते. माळ्यावरच्या गाड्यांचं सर्वांत मोठं नुकसान याच पेटीत विसरलेल्या सेलमुळे होतं.

पहिला नियम: आधी खोला, मग वीज द्या

गाडी हातात आल्यावर सर्वांत आधी जुने सेल काढा. ते फुटले असतील तर हातमोजे घाला. दिसणारी पूड अल्कली असते. म्हणून ती साफ करायला आंबट काहीतरी लागतं. इअरबडवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन हलकेच पुसा. थोडा फेस येईल. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग आणि पत्रे गंजून खाल्ले गेले असतील तर ते बदलावे लागतात.

मग गाडी खोलायची. इथे अनेकांची पहिली चूक होते ती स्क्रू ड्रायव्हरची. जपानी गाड्यांच्या स्क्रूवरचं अधिकचं चिन्ह आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखं दिसतं, पण त्याचा आकार थोडा वेगळा असतो. त्याला जेआयएस म्हणतात. साधा ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं गोल करून टाकतो. जेआयएस ड्रायव्हर ऑनलाइन सहज मिळतो. या छंदातली पहिली खरेदी तीच असावी.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. स्क्रू अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने ठेवा. लांबीत दोन मिलिमीटरचा फरक असलेला स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतला गिअर अडकू शकतो. परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा. एका जागी तो टक् करून जुन्या आट्यात बसेल, तिथून पुढे सुलटा फिरवा. असं न करता जोर लावला तर प्लॅस्टिकमध्ये नवे आटे कापले जातात आणि ते भोक कायमचं सैल होतं.

मोटर गाडीतून बाहेर काढून तिला आधी दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर फिरवून बघा. फिरली तर दोन्ही टोकांच्या बुशमध्ये तेलाचा एकेक थेंब पुरे. अडकत असेल तर कार्बन ब्रश आणि कम्युटेटर तपासा. गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि रॉकेलने काढता येतं, पण नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन टाका आणि प्लॅस्टिकला चालणारं नवं ग्रीस लावा.

हे सगळं झाल्यावरच पूर्ण बॅटरी जोडा. तेव्हाही गाडी एखाद्या विटेवर ठेवा, चाकं हवेत राहतील अशी. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. हा क्रम चुकला तर सिग्नल नसलेली गाडी मनाला येईल तिकडे सुटते.

मूळ रूप जपायचं की बदल करायचे?

या छंदातला सर्वांत जास्त वादाचा प्रश्न हाच आहे. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली, कपाटातली गाडी. सगळे भाग मूळचे, स्टिकर त्याच जागी, गाडी फक्त बघण्यासाठी. दुसरी, मैदानातली गाडी. दिसायला जुनी, पण आत नवा रेडिओ, नवी बॅटरी, नवे टायर. तिसरी, मनासारखी गाडी. जुना सांगाडा घेऊन रंग, मोटर, सस्पेन्शन सगळं आपल्या आवडीने.

तिन्ही वाटा बरोबर आहेत. चूक होते ती ठरवण्याआधीच कामाला लागल्यामुळे. म्हणून अनुभवी लोक एक सोपा नियम पाळतात. प्रत्येक कामाआधी विचारायचं, हे परत फिरवता येईल का?

नवा रेडिओ बसवणं परत फिरवता येतं. प्लॅस्टिकच्या बुशच्या जागी बॉल बेअरिंग घालणंही. तामियाच्या बऱ्याच गाड्यांत ११ बाय ५ मिलिमीटरची बेअरिंग बसतात आणि तेवढ्यानेच गाडी हलकी पळते, बॅटरी जास्त टिकते. जुने बुश पिशवीत घालून, नाव लिहून ठेवले की झालं.

सांगाड्याला नवं भोक पाडणं परत फिरवता येत नाही. मूळ रंग काढणं, फिकट झालेले स्टिकर सोलणं, पिवळं पडलेलं पांढरं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हात ठेवून उजळवणं, यातलं काहीच परत फिरत नाही. शेवटच्या प्रकारात तर डाग पडण्याची आणि काही वर्षांनी पुन्हा पिवळेपणा येण्याचीही शक्यता असते.

इथे तो काका-मामांचा मुद्दा येतो. बॉडीवरचा ओरखडा हा अनेकदा कुणाच्या तरी लहानपणाचा असतो. गाडी ज्याची होती त्या माणसाला रंग काढण्याआधी एकदा विचारा. नवीकोरी दिसणारी गाडी पुन्हा विकत घेता येते, कारण तामियाने ग्रासहॉपर, हॉर्नेट, फ्रॉग, सँड स्कॉर्चर अशा अनेक गाड्या २००० नंतर पुन्हा बाजारात आणल्या. क्योशोने स्कॉर्पियन आणि असोसिएटेडने आरसी १० पुन्हा आणली. तो ओरखडा मात्र पुन्हा बाजारात येणार नाही.

पुन्हा आणलेल्या गाड्यांमुळे एक सावधगिरीही घ्यावी लागते. जुनी म्हणून विकली जाणारी गाडी खरंच जुनी आहे का, हे खोक्यावरच्या किट क्रमांकावरून कळतं. १९८४ च्या ग्रासहॉपरचा क्रमांक ५८०४३, नव्या आवृत्तीचा ५८३४६. हॉर्नेटचा मूळ क्रमांक ५८०४५, नवा ५८३३६. विकणारा खोकं किंवा पुस्तिका दाखवायला तयार नसेल तर जुन्या गाडीची किंमत देऊ नका.

मनासारखी गाडी करायची असेल तर ग्रासहॉपरचं उदाहरण चांगलं आहे. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट यांचा मुख्य सांगाडा एकच, पण ग्रासहॉपरला ३८० मोटर आणि हॉर्नेटला ५४०. त्यामुळे ग्रासहॉपरला ५४० मोटर बसवणं हा नवशिक्यांचा आवडता बदल. सांगाडा तो भार सोसतो, कारण तो मुळात त्यासाठीही बनवला आहे. पण त्याच गाडीत आजची ताकदवान ब्रशलेस मोटर घातली की चाळीस वर्षांचा गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी दात गाळतो.

मुळशीच्या हवेप्रमाणे कामाचं वेळापत्रक

पुस्तिका जपानमध्ये लिहिलेली असते, तिला आपला पाऊस माहीत नसतो. मुळशीत काम करताना वर्षाचे तीन भाग करणं सोयीचं पडतं.

जून ते सप्टेंबर: खोलणं, साफसफाई, सोल्डरिंग, गिअरबॉक्स. घरात बसून करायची सगळी कामं या काळात. धुतलेले लोखंडी भाग लगेच पुसून त्यांना तेलाचा हात द्या, नाहीतर रात्रीत गंज चढतो. सर्किट आणि सर्व्हो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

या काळात रंग मात्र देऊ नका. दमट हवेत स्प्रेचा रंग वाळताना पाणी धरतो आणि चकाकीऐवजी दुधाळ पांढरट थर येतो. आधीच बॉडी घासून तयार ठेवा आणि थांबा.

दसऱ्यानंतर: रंगकाम. इथे बॉडी कशाची आहे ते आधी बघा. ग्रासहॉपरची बॉडी कडक, अपारदर्शक प्लॅस्टिकची, तिला बाहेरून रंग देतात. हॉर्नेट आणि फ्रॉगची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, तिला आतून रंग देतात. त्यामुळे गाडी उलटली तरी ओरखडा प्लॅस्टिकवर येतो, रंगावर नाही. आतून रंगवताना आधी गडद रंग, मग फिकट आणि शेवटी मागे पांढरा किंवा चंदेरी थर. पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्याला तडे जातात. रंगही पॉलिकार्बोनेटसाठीचाच हवा, साधा स्प्रे काही दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. फेविक्विकही पारदर्शक भागांपासून लांब ठेवा, त्याच्या वाफेने काचेसारखा भाग पांढुरका होतो.

नोव्हेंबर ते मे: गाडी पळवण्याचे दिवस. त्याबद्दल पुढे सांगू.

तुटलेल्या भागांचं काय? एबीएस प्लॅस्टिकचा तडा सॉल्व्हंट सिमेंटने पक्का सांधता येतो. सस्पेन्शनचे हात बहुधा नायलॉनचे असतात आणि नायलॉनला कुठलाच गोंद नीट धरत नाही, ते बदलावेच लागतात. ठिसूळ झालेले नायलॉनचे भाग थोडा वेळ पाण्यात उकळले तर ते पाणी शोषून पुन्हा लवचिक होतात. कडक होऊन चिरलेल्या रबरी टायरवर मात्र उपाय नाही. ते काढून ठेवा आणि नवे घाला. जपून ठेवताना गाडी टायरवर उभी न ठेवता ठोकळ्यावर टेकवा आणि टायर बॉडीला चिकटून राहू देऊ नका. वर्षानुवर्षं लागून राहिलेलं मऊ रबर प्लॅस्टिकवर वितळल्यासारखे डाग पाडतं.

जुना रेडिओ चालेल का?

चालू शकतो, पण बदललेला बरा. जुन्या आरसी गाड्यांपैकी बऱ्याच २७ मेगाहर्ट्झवर चालायच्या. त्यात ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींत एकाच जोडीचे क्रिस्टल घालावे लागायचे. प्रत्येक चॅनेलला एक रंग होता. २६.९९५ म्हणजे तपकिरी, २७.०४५ लाल, २७.०९५ नारिंगी, २७.१४५ पिवळा, २७.१९५ हिरवा, २७.२५५ निळा. त्या रंगाची छोटी पताका अँटेनाला लावायची, म्हणजे मैदानात कोणता चॅनेल चालू आहे ते सगळ्यांना कळायचं. एकाच रंगाच्या दोन गाड्या एकदम सुरू झाल्या की दोघांचाही ताबा जायचा.

आजचे सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपली जोडी आपणच ओळखतात. सिग्नल तुटला तर गाडी थांबवण्याची सोय बहुतेकांत असते, जी जुन्या सेटमध्ये नव्हती. भारतात २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडमधली आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणं परवान्याच्या अटीतून वगळली गेली.

नवा रिसीव्हर जुन्याच जागी बसतो. जुनी अँटेनाची नळी आणि तिच्यावरची पताका तशीच ठेवा. गाडी दिसायला जुनीच राहते.

बॅटरीच्या बाबतीत घाई नको

मूळची निकेल-कॅडमियम बॅटरी इतक्या वर्षांनी बहुधा निकामी झालेली असते. कॅडमियम विषारी आहे, ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलन केंद्राला द्यायची असते.

तिच्या जागी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घ्या. व्होल्टेज तेच, आकार तोच, जुन्या मेकॅनिकल स्पीड कंट्रोलरलाही चालते.

लिथियम पॉलिमर म्हणजे लायपो बॅटरी हलकी आणि ताकदवान असते, पण तिला शिस्त लागते. दोन सेलची लायपो ७.४ व्होल्टची, पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४. प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी बिघडते आणि जुन्या मेकॅनिकल कंट्रोलरला हे थांबवता येत नाही. म्हणून लायपो वापरायची तर लायपो कट-ऑफ असलेला इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर हवाच. चार्जिंग लायपोसाठीच्या बॅलन्स चार्जरने, उघड्या फरशीवर, समोर बसून करा. रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. फुगलेली लायपो पुन्हा कधीही वापरू नका, तिला आग लागू शकते.

सुटे भाग आणायचे कुठून?

परदेशातून मागवणं हा सरळ मार्ग, पण खर्चाचा. जकातीच्या ज्या शीर्षकाखाली खेळणी येतात, त्याच ९५०३ क्रमांकात लहान मापाची मॉडेलही येतात. या शीर्षकावरची मूळ जकात फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. मागवण्याआधी कुरिअरचा खर्च आणि जकात धरून हिशोब करा. अनेकदा तीन-चार लहान भागांऐवजी एकाच वेळी पूर्ण संच मागवणं स्वस्त पडतं.

स्थानिक पर्यायही आहेत. तारा, कनेक्टर, स्विच, सोल्डर हे पुण्यात बुधवार पेठेत आणि तपकीर गल्लीत मिळतं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मोडक्या रिमोटच्या गाड्या कधीकधी दिसतात, त्यांच्या मोटर आणि गिअर कामी येतात. धातूचा एखादा बुश किंवा आस हवा असेल तर पिरंगुटच्या बाजूला छोटे कारखाने आहेत. जुना भाग नमुना म्हणून घेऊन गेलात तर लेथवर काम करणारा कारागीर माप घेऊन तसाच काढून देऊ शकतो.

प्लॅस्टिकच्या भागांसाठी थ्रीडी प्रिंटिंग आहे. पुणे जिल्ह्यातल्याच पाबळ इथल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. आता प्रिंट करून देणारे शहरात जागोजागी आहेत. फक्त साहित्य विचारून घ्या. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेला भाग वाकडा होऊ शकतो. पीईटीजी किंवा नायलॉन जास्त टिकतं.

आणि लहान मापात मोठं काम करण्याची हौस बघायची असेल तर मुळशीकडे जाताना कोथरूडला थांबा. भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे १९९८ पासून आहे. गाड्या वेगळ्या, पण चिकाटी हीच लागते.

पळवायची कुठे?

भात कापल्यानंतर मुळशीतली खाचरं कडक होतात. आंबेमोहोर आणि इंद्रायणी निघून गेलेली ती सपाट, बांधांनी अडलेली जमीन जुन्या बग्गीसाठी छान मैदान आहे. शेताच्या मालकाला आधी विचारा आणि दुसरं पीक पेरलेलं असेल तर आत जाऊ नका.

सोसायटीचं मोकळं पार्किंग, शाळेचं मुरमाचं मैदान परवानगीने चालतं. रस्त्यावर गाडी नेऊ नका, दुचाकीच्या चाकाखाली ती आली तर पडणारा माणूस असतो. धरणाच्या पाण्याकडेलाही नको, जुन्या मोटरला आणि रिसीव्हरला पाणी सोसत नाही. ताम्हिणीच्या जंगलाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे, तिथे ही हौस करायची नाही.

पहिल्या दिवशी पाचच मिनिटं पळवा. थांबवून मोटरला बाहेरून हात लावा. हात ठेवता येत नसेल इतकी ती तापली असेल तर कुठेतरी गिअर किंवा चाक अडकतंय. स्क्रू पुन्हा तपासा, ते पहिल्या फेरीत हमखास सैल होतात.

मग सुरुवात कशी करायची?

गाडी माळ्यावरून काढा. सेल काढा. एक जेआयएस ड्रायव्हर आणि जुना ब्रश घ्या. घरातल्या ज्या माणसाची ती गाडी होती त्याला शेजारी बसवा, कारण कोणता स्क्रू कधी हरवला होता आणि पुढचा बंपर कोणत्या भिंतीवर तुटला होता, हे फक्त त्यालाच माहीत असतं. काढलेला एकही मूळ भाग फेकू नका. पिशवीत घाला, नाव आणि तारीख लिहा आणि त्याच खोक्यात ठेवा. वीस वर्षांनी हे खोकं पुन्हा कोणीतरी उघडेल तेव्हा त्याला सगळं जागच्या जागी मिळायला हवं.